जखमेचा खाडा

उपकेंद्राच्या ओपीडी रजिस्टरमध्ये ‘तक्रार’ नावाचा एक रकाना असतो, दोन बोटं रुंदीचा. कंबरदुखी, अशक्तपणा, अंगावरून पांढरं जाणं, डोकं दुखणं, एवढंच त्यात मावतं. एप्रिल-मेमध्ये ऊसतोडीच्या टोळ्या गावात परतल्या की पानंच्या पानं याच शब्दांनी भरतात. मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. पाटीवर आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ लिहिलंय, गावासाठी तो अजून दवाखानाच. माझे आईवडीलही ऊस तोडायचे. त्या दोन बोटं रकान्यात जे मावत नाही, ते कुठेतरी लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

ज्यांनी ऊसतोड जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सीझनच्या आधी मुकादम गावात उचल वाटतो. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. जोडीला लाखाच्या आसपास, कधी त्याहून जास्त उचल मिळते आणि ती ऊस तोडून फेडायची असते. दसरा-दिवाळी झाली की ट्रॅक्टर, ट्रका भरून माणसं निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी सातारा, सोलापूर, पुण्याकडे, कुणी पार बेळगाव-बागलकोटला. पुढचे पाच-सहा महिने पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोपीत राहायचं. मजुरी टनावर. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, ती हवीच होती. पण जोडीनं दिवसभर मरमर केली तरी दीड-दोन टनांच्या वर जाणं अवघड. आणि एक दिवस काम चुकलं की खाडा. त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर पाचशे-हजार रुपये दंड उचलीच्या हिशेबात चढतो. ताप आला, खाडा. पाळीत उभं राहवेना, खाडा. हात कापला, खाडा.

बाहेरून येणारे लोक आम्हाला विचारतात की या बायकांमध्ये कोणते आजार जास्त दिसतात. मला दरवेळी वाटतं, पहिला आजार खाडा लिहावा. बाकीचे त्याच्या पोटातून निघतात.

यंदा एक वहिनी आल्या. वय तिशीच्या आत. डावा हात पदराखाली. तक्रार काय विचारलं तर म्हणाल्या, “अशक्तपणा.” हिमोग्लोबिन बघायला बोट मागितलं तर उजवा हात पुढे केला. डावा दाखवा म्हटल्यावर हळूच बाहेर काढला. तळहातावर आडवा, जाड, चकाकणारा व्रण. मूठ वळा म्हटलं. अंगठा, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वळलं. अंगठ्याशेजारचं आणि मधलं, ही दोन बोटं ताठ उभीच. मग त्यांनी उजव्या हातानं ती दोन्ही बोटं एकेक करून आत दुमडली आणि माझ्याकडे बघितलं, वळली म्हणून. हात सोडला की बोटं परत ताठ.

ऊस तोडताना डाव्या हातात ऊस धरायचा आणि उजव्या हातानं बुडात कोयता मारायचा. त्यामुळे जखमा डाव्या हाताला आणि नडगीला. थंडीचे दिवस, पहाटेची वेळ, पाल्यावर दव, कोयत्याची मूठ ओली. घसरला. त्यांनी पदराची चिंधी फाडून बांधली, हळद दाबली आणि ओळ पूर्ण केली. संध्याकाळी जवळच्या गावातल्या एका दवाखान्यात टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन मिळालं. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं होतं की नस तुटलीय, मोठ्या दवाखान्यात जा. आपण जिला नस म्हणतो ती इथे कंडरा, बोट वाकवणारी दोरी. ती पहिल्या काही दिवसांत जोडली तर बोट बऱ्यापैकी चालतं. उशीर झाला की टोकं मागे सरकतात आणि आजूबाजूला व्रण धरतो.

“मग गेला का नाही?”

“मॅडम, मोठा दवाखाना म्हंजी चार दिस. माझा खाडा, ह्यांचाबी खाडा. एकल्या माणसाचा कोयता चालत न्हाई. टोळीवाले कटकट करत्यात, गाडी भरायला माणूस कमी पडतंय.”

तेव्हा त्या तिसऱ्या दिवशी फडात होत्या. तोडायला येईना म्हणून मोळ्या बांधायला लागल्या. मोळी वाढ्यानं बांधतात. उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला पिळून त्याची दोरी करायची. एका हातानं पीळ बसत नाही म्हणून वाढ्याचं टोक दातात धरायचं. ओठांच्या कोपऱ्यात कापल्याच्या बारीक रेघा होत्या, त्या मी आधी जीवनसत्त्वाच्या कमतरतेच्या समजले असते; हे ऐकल्यावर उलगडा झाला. आता भाकरी थापायला बसलं की ती दोन ताठ बोटं भाकरीत रुततात आणि भोक पडतं. सासू बोलते. नवरा तसा चांगला आहे म्हणाल्या, पण हल्ली चटकन चिडतो.

मी रजिस्टरमध्ये लिहायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, “एक इचारू का? कोयता दिसला की छातीत धडधड व्हतीय. घरातला इळा दिसला तरीबी. रातीला डोळा लागंना. आणि ह्यांनी पुढच्या सालाची दोघाची उचल घेतलीय.”

हात आणि छातीतली धडधड असे दोन आजार आपण वेगळे धरतो. एकाला हाडांचे डॉक्टर, दुसऱ्याला मनाचे. त्या बाईच्या आयुष्यात ही एकच गोष्ट आहे. हात कापला, खाडा परवडत नव्हता म्हणून हात गेला, हात गेला तरी उचल उभी आहे, आणि उचल उभी आहे म्हणून झोप उडाली. मधल्या कुठल्याही टप्प्यावर तिला चार दिवस बिनदंडाचे मिळाले असते तर पुढचं बरंच टळलं असतं.

हातांशिवाय डोळे. उसाचं पान कडेनं करवतीसारखं असतं. ते बुबुळाला लागलं की बारीक ओरखडा पडतो, त्यात बुरशी शिरते आणि आठ-पंधरा दिवसांत पांढरं फूल पडतं. लवकर औषध घातलं तर डोळा वाचतो. फडात मात्र पदर फुंकून शेकतात आणि कामाला लागतात. शिवाय भरणीच्या वेळचे अपघात. मोळी तीस-चाळीस किलोची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोळी, आणि ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढायचं, तेही बहुतेक रात्री, कारण गाडी कधी लागेल याचा नेम नसतो. पहाटे तीनला उठून भाकरी केलेली बाई रात्री बाराला त्या फळीवर असते. पाय निसटला की मानेवर नाहीतर माकडहाडावर. यातली किती प्रकरणं कुठे नोंदली जातात? जखम होते कारखान्याच्या हद्दीत, मार बसतो परजिल्ह्यात, बाई उपचाराला येते माझ्याकडे चार महिन्यांनी, आणि मी लिहिते ‘कंबरदुखी’.

याच कंबरेवरून मला गर्भपिशवीबद्दल बोलायचंय.

बीडमधल्या पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी २०१९ साली देशभर गाजली. तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचं सरकारनं विधान परिषदेत सांगितलं. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती आली, घरोघर पाहणी झाली. ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यानंतर जिल्ह्यात खासगी दवाखान्याला ही शस्त्रक्रिया करायची तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याच्या मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांनी लागू कराव्यात असा आदेश दिला. हे सगळं गरजेचंच होतं, आणि माझ्या भागात त्याचा फरकही जाणवतो.

पण त्या काळात बाहेर एक समज पक्का झाला की पाळीचा खाडा टाळायला बायका पिशवी काढतात. तसं होतं, नाही असं नाही. मला मात्र गावात जास्त ऐकू येतं ते असं: “कंबर लै दुखायची म्हणून काढली.” बाई कंबर धरून दवाखान्यात जाते. कुणी सोनोग्राफी करतं, पिशवीला सूज आहे म्हणतं, पुढे कॅन्सर होईल म्हणून भीती घालतं. आता, कंबर का दुखत होती? सहा महिने वाकून बुडात कोयता मारला, रोज रात्री मोळ्या फळीवरून चढवल्या, पाणी कमी प्यायली कारण आडोसा नाही, मग लघवीला जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणं. बाळंतपणानंतर महिना-दीड महिन्यात ओझं उचललं म्हणून अंग खाली आलं. यातल्या बऱ्याच गोष्टींवर साधी औषधं आहेत, व्यायाम आहेत, लोहाच्या गोळ्या आहेत, आणि सगळ्यात आधी विश्रांती आहे. पिशवी काढली तरी मोळी तेवढीच जड राहते. म्हणून कंबरही दुखतच राहते. शस्त्रक्रियेनंतर किमान सहा आठवडे ओझं उचलायचं नसतं, पण ऑपरेशनच्या खर्चासाठी पुन्हा मुकादमाकडूनच पैसे घेतलेले असतात.

एक बाई अशीच. तिशी उलटायच्या आत पिशवी काढलेली. तिला तिच्या जावेनं आणलं होतं, दारातच सांगितलं, “हिचं डोकं फिरलंय, मॅडम. देवऋषी बी केला.” रात्री उठून अंगणात बसते, उकडतं म्हणून पोषाच्या थंडीत पदर टाकून देते, मधेच रडते, पोरांवर हात उगारते, मग त्यांना जवळ घेऊन परत रडते. कागद मागितले तर नव्हते. पुढे तालुक्याला तपासणी केली तेव्हा कळलं की पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढलेली आहेत. तिला ते कुणी सांगितलेलंच नव्हतं. अंडाशयं गेली की शरीरातली संप्रेरकं एकदम खाली येतात. जे पन्नाशीच्या आसपास सावकाश यायचं ते आठ-पंधरा दिवसांत अंगावर कोसळतं. गरम वाफा, घाम, झोप न येणं, जीव घाबरा होणं, उदास वाटणं. हाडंही लवकर ठिसूळ होतात. नुसती पिशवी काढली आणि अंडाशयं ठेवली, तरी पाळी जाण्याच्या वयातले हे त्रास लवकर सुरू होण्याची शक्यता वाढते.

मी तिला कागदावर चित्र काढून हे समजावलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “म्हंजी मी येडी झाले न्हाई?”

नाही, म्हटलं. तुझं अंग हे करतंय, आणि याला औषध आहे. जाव बाजूला तोंड फिरवून डोळे पुसत होती. तिचीही पिशवी काढलेली होती.

मनाच्या आजाराची चाचणी घ्यायला आमच्याकडे छापील प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला कामात रस वाटत नव्हता का, खिन्न वाटत होतं का, असे. प्रश्न चांगले आहेत, मी ते वापरते. पण जिला रस असो नसो कामाला जावंच लागतं तिला पहिला प्रश्न पोचत नाही. म्हणून मी आधी विचारते, भाकर गोड लागती का? झोप लागती का? मन कशात रमतं का? कुणाशी मनातलं बोलता का? आणि हे विचारताना जोडीला नवरा-सासू असतील तर त्यांना बाहेर वजनकाट्याजवळ बसवते. ‘जगावं वाटत नाही असं कधी मनात येतं का’ हा प्रश्न सरळ विचारायलाच हवा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बायका सुटल्यासारख्या बोलतात. कुणी म्हणतं, फडातल्या विहिरीपाशी गेले होते, धाकटं मागं मागं आलं म्हणून परतले. हे ऐकायला कुणीतरी समोर बसलेलं लागतं, बास.

आमच्या आईनं हे कुणाला सांगितलं नाही. कोपीत चुलीपुढे बसून ती एकटीच पुटपुटायची. आम्हाला पोरांना वाटायचं देवाचं म्हणतेय. मोठी झाल्यावर एकदा जवळ जाऊन ऐकलं तर आकडे होते. इतके फिटले, इतके राहिले, अमुक दिवशीचा खाडा मुकादमानं दोनदा धरला. पीठ मळताना, लेकराला झोपवताना, रात्री कुशीवर वळताना तोच हिशेब. तिच्या मानेचा त्रास अजून आहे, त्याला पट्टा आहे, गोळ्या आहेत. गावात राहायला लागून इतकी वर्षं झाली तरी दिवाळी जवळ आली की तिची झोप जाते. त्याचा केसपेपर कधी निघालाच नाही.

मनावरच्या जखमांत आणखी एक आहे, तिच्याबद्दल बायका माझ्याकडेही अर्धंच बोलतात. कोपीला दार नसतं. अंघोळ उजाडायच्या आत, उघड्यावर. रात्री भरणीला एकट्या-दुकट्या. मुकादम, गाडीवाला, रानाचा मालक, कुणाची नजर, कुणाचा हात. तक्रार केली तर पुढच्या साली उचल मिळायची नाही, आणि गावात नाव तिचंच खराब. २०१३ च्या कायद्यानं असंघटित कामगार बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. पण ती बीडची, घटना दुसऱ्या जिल्ह्यातली, आणि त्या जिल्ह्यात तिला कोपीपासून कारखान्यापर्यंतचाच रस्ता माहीत. वयात आलेली पोर सोबत न्यायची भीती आणि मागे ठेवायचीही भीती, म्हणून तिचं लग्न उरकून टाकतात. नवी जोडी, नवा कोयता. पंधरा-सोळाव्या वर्षी फडात गेलेली ती पोर विशीत दोन लेकरांची आई असते आणि पंचविशीत कंबर धरून माझ्यासमोर.

कायद्याचं म्हणाल तर स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा होता तो राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी. बीडची बाई बेळगावला गेली तर त्यात बसे, कोल्हापूरला गेली तर नाही. कारखाना म्हणतो मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे. मुकादम म्हणतो मीही तुमच्यासारखाच, वाहतूकदाराकडून पैसे घेऊन आलोय. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं, त्यासाठी टनामागे कारखान्यांनी दहा रुपये द्यायचं ठरलं, ओळखपत्रं निघाली, मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं सुरू झाली. मी याला कमी लेखत नाही. वसतिगृहात राहिलेली पोर लग्नातून वाचते, हे मी डोळ्यांनी बघतेय. शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबाव्यात म्हणून २०१५ मध्ये प्रेरणा प्रकल्प आला, आशाताई घरोघर जाऊन निराश माणूस शोधू लागल्या. पण ऊसतोडीच्या घराला नोव्हेंबर ते एप्रिल कुलूप असतं. ज्या सहा महिन्यांत बाई सगळ्यात जास्त मोडते, त्याच सहा महिन्यांत तिला विचारणारं कुणी नाही.

मला विचाराल तर मुकादम आणि कारखान्याच्या करारात एक ओळ हवी: जखम, आजारपण, पाळी आणि बाळंतपण यांचा खाडा धरायचा नाही, आणि जोडीदार दवाखान्यात सोबत गेला तर त्याचाही नाही. त्या दिवसांचा बोजा टनामागे जे पैसे जमतात त्यातून उचलावा. टोळी निघायच्या आधी गावात तपासणी व्हावी आणि प्रत्येक बाईच्या हातात तिचं कार्ड असावं, ज्यावर रक्त किती, ऑपरेशन झालं का, गरोदर आहे का, मनाची गोळी चालू आहे का हे साध्या मराठीत लिहिलेलं असेल. उदासीची गोळी मध्येच बंद पडली की त्रास उलटतो, आणि फडावर गोळ्या संपल्या की ती बंदच पडते. आम्ही निघणाऱ्या बायकांना जास्तीत जास्त दिवसांच्या गोळ्या बांधून देतो, पण सहा महिन्यांच्या कुठून देणार?

त्या हातवाल्या वहिनींना जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीला पाठवलंय. बोटं पूर्ण वळतील असं मी त्यांना सांगितलेलं नाही. मानसिक आरोग्याच्या ओपीडीतही नाव घातलंय, ते त्यांनी स्वतःहून मागितलं. नवऱ्याशीही बोलले. तो खाली मान घालून म्हणाला, “उचल परत करायची तर ते पैसे खर्च झालेत, ताई. हिला कोपीवर ठेवतो, सैपाकाला. माझ्यासोबत कुणीतरी अर्धा कोयता गाठतो.” आता तो अर्ध्या कोयत्याचा माणूस शोधतोय.

सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडच्या कुणी हे वाचलं तर तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या गावाच्या कडेला नोव्हेंबरात पालं पडतील. तुमच्या आशाताईला, उपकेंद्रातल्या सिस्टरना त्या पालांवर न्या. संध्याकाळी न्या, दिवसा तिथं फक्त म्हातारी आणि लेकरं असतात. कुणाचा हात कापला तर टाक्यांवर थांबू देऊ नका, बोटं वळतात का बघा. गरज पडली तर १०८ ला फोन करा. आणि कुणी गप्प गप्प, खाणंपिणं सोडून बसलेली दिसली तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी सेवेचा नंबर लावून द्या. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. फोन बहुतेक तिच्या नवऱ्याच्या खिशात असतो, म्हणून तुमचा द्या.